बिननावाचं रक्त

३ फेब्रुवारी

अखंड-सूक्ष्मदर्शिनी, रक्तपरीक्षाविशारद, आमची एकुलती एक आतेबहीण चि. भिंगरी हिला,

दादाचे अनेक आशीर्वाद. उपोद्घाताला फाटा देऊन तक्रारीलाच हात घालतो. तू मला पत्रं पाठवतेस ती कचेरीतल्या वापरून झालेल्या तपकिरी पाकिटांतून. जुन्या पत्त्यावर कागद डकवायचा, त्यावर माझं नाव लिहायचं, आणि कोपऱ्यात तुमच्या खात्याचं छापील नाव मात्र तसंच ठेवायचं, ज्यात 'एड्स' हा शब्द सर्वांत ठसठशीत. परिणाम असा की आमचा पोस्टमन ते पाकीट दोन बोटांच्या चिमटीत धरून आणतो आणि आवाज उतरवून विचारतो, "साहेब, तब्येत बरी आहे ना?" गेल्या खेपेला तर त्यानं ते माझ्या हातात दिलंच नाही. टेबलावर ठेवलं आणि हात पँटला पुसले. अगं, मी वाचनालय चालवतो, साथ नव्हे. पांढऱ्या पाकिटाचा योग माझ्या पत्रिकेत आहे की नाही, ते एकदा कळव.

बाकी क्षेम. वाचनालयात पुस्तकांना वाळवी आणि वर्तमानपत्रांना वाचक, दोन्ही भरपूर. खिडकीजवळच्या लांब टेबलाचे अध्यक्ष आमचे निवृत्त जेलर. त्यांना बातमी वाचण्यापेक्षा शेजाऱ्याकडून वदवून घेण्यात अधिक रस, नोकरीतली सवय. समोरच्या बेकरीतून पावाचा वास आला की तेवढी त्यांची उलटतपासणी थांबते.

तुझी वहिनी मजेत. लेक महिनाभर आमच्याकडेच आहे. जावई पुलाच्या कामावर लांब गेलेत, म्हणून हवापालट, दुसरं काही नाही.

आणि एकदा नीट सांग, तू दिवसभर करतेस तरी काय? लोक मला विचारतात आणि मी 'देशसेवा' म्हणून वेळ मारून नेतो.

तुझा
दादा

१५ फेब्रुवारी

दादा,

पांढरं पाकीट मिळणार नाही. तुझ्या पोस्टमनला सांग, हा आजार कागदातून जात नाही. भीती जाते, आणि तिच्यावर अजून लस निघालेली नाही.

मी काय करते ते ऐक. हा आजार देशात किती पसरला हे सगळ्यांचं रक्त काढून कुणी बघू शकत नाही. म्हणून ठरावीक दवाखाने निवडलेत. तिथे गरोदर बायकांचं रक्त एका नेहमीच्या तपासणीसाठी काढतातच. ती झाली की उरलेल्या रक्ताच्या बाटलीवरचं नाव काढून टाकायचं, फक्त दवाखान्याचा क्रमांक ठेवायचा, आणि बाटल्या आमच्याकडे पाठवायच्या. आम्ही तपासतो. किती सापडले त्यावरून देशाचा अंदाज बांधतात.

तू विचारशील, गरोदर बायकाच का? तर त्या आजारी म्हणून येत नाहीत. साध्या, घरच्या, लग्नाच्या बायका. त्यांच्यात सापडला म्हणजे तो 'तसल्या लोकांचा' आजार उरला नाही, असं समजायचं. तसल्या लोकांचा तो कधीच नव्हता म्हणा, पण हे वरच्या साहेबांना आकड्यातच सांगावं लागतं.

तुझं अभिनंदनही करायचंय. इतकी वर्षं तुमच्या गावापुढे शून्य होतं, यंदा ते गेलं. पाण्याच्या टाकीमागच्या त्या दवाखान्यातून आलेल्यांत एक बाटली निघाली. तुमचं गाव आता देशात सामील झालं! कळव तुझ्या जेलरसाहेबांना. नको, कळवू नकोस. खरं तर तुलाही सांगायला नको होतं. इथे दिवसभर बोलायला फक्त बाटल्या असतात, म्हणून हात वाहवतो.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पत्र पावलं. तुझं काम आता मला समजलं. समजलं नव्हतं तोवर मी तुझा अभिमान अधिक मोकळेपणानं बाळगत होतो, असं दिसतंय.

एक शास्त्रीय शंका, केवळ जिज्ञासेपोटी. बाटलीवरचं नाव काढतात म्हणालीस. ते काढणारा कुणी असेलच ना? म्हणजे एखाद्याला अगदी जाणूनच घ्यायचं झालं, तर ती बाटली कुणाची हे मागे जाऊन कळू शकत असेल? आणि ज्या बाईची ती आहे तिला कोण सांगतं? घाई नाही, पण उलटटपाली कळव.

इकडे सर्व ठीक.

दादा

४ मार्च

दादा,

नाही कळू शकत. मला नाही, दवाखान्याला नाही, कुणालाच नाही. नावं मुद्दाम अशी काढतात की मागे जायची वाटच राहू नये. वाट ठेवली तर कुणी ना कुणी त्या वाटेनं जाणारच.

आणि तिला कोण सांगतं? कुणी नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. नळीचा रंग बदलतो, मी एक खूण करते, आणि कुठेतरी ती बाई भाजी निवडत असते. आमच्या कचेरीत यावर खूप वाद होतात, आणि वाद संपले की चहा येतो.

पण त्याच दवाखान्यात दुसरी सोय आहे, आणि ती माणसांसाठी आहे. सिस्टर प्रत्येकीला विचारतात, तुझी या आजाराची तपासणी करू का? ती हो म्हणाली तर तिच्या नावानं करतात आणि तिला एकटीलाच सांगतात. लागण निघाली तरी औषध आहे. बाळंतपणाच्या वेळी आईला आणि जन्मल्यावर बाळाला ते दिलं, तर बाळाला लागण व्हायची भीती बरीच कमी होते. अट एकच, तिनं आधी हात पुढे केला पाहिजे.

आता तू सांग. 'घाई नाही' आणि 'उलटटपाली' एका वाक्यात लिहिणारा माझा भाऊ नव्हे. काय झालंय?

भिंगरी

१३ मार्च

भिंगरी,

लेकीला दिवस गेलेत. सातवा लागेल. मागच्या खेपेला आनंदाच्या भरात सगळ्या गोतावळ्याला कळवलं होतं, आणि मग त्याच सगळ्यांना पुन्हा एकदा कळवावं लागलं. म्हणून या वेळी आम्ही मूग गिळून बसलो. तुझ्यापासूनही लपवलं, राग मानू नकोस.

ती पाण्याच्या टाकीमागच्याच दवाखान्यात जाते. जानेवारीत तिचंही रक्त घेतलं होतं. मीच सोबत गेलो होतो.

तुझं ते अभिनंदनाचं पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. जावयांबद्दल मी कधी वाकडा विचार केलेला नाही. माणूस सरळ आहे. पण पुलाच्या कामावर महिनोन् महिने एकटा असतो, आणि एकटेपणावर मी इतकी नाटकं वाचली आहेत की आता मला कशाचाच भरवसा वाटत नाही. परवा त्यांचा फोटो खिडकीशी नेऊन भिंग लावून पाहिला, वाळलेत का म्हणून. तुझी वहिनी म्हणाली, "जावयाचा फोटो काय भिंगातून बघताय, स्टॅम्प आहे का तो?"

आणि याहून वाईट ऐक. परवा पुन्हा तिला दवाखान्यात घेऊन गेलो. बाकावर बायका बसल्या होत्या, कुणी विणत होती, कुणी पेंगत होती. मी तिथे उभा राहून एकेकीचा चेहरा न्याहाळत होतो. ती बाटली कुणाच्या तरी पदरात टाकली की माझी लेक सुटेल, असा माझा हिशेब. बेकरीवाल्याची सून लेकीच्या शेजारीच बसते. दोघींची मैत्री आहे. तिचा नवरा गेल्या वर्षी परगावची नोकरी सोडून आला तो अर्धा होऊन. तेव्हापासून मनात ती सून पक्की बसली आहे.

तुला हात जोडून विनंती. ती वाट नाही म्हणतेस, पण तू मनावर घेतलंस तर काहीतरी निघेल. एकाच बाटलीचा प्रश्न आहे.

दादा

२० मार्च

दादा,

पत्र वाचून मान खाली गेली. तुझ्यामुळे कमी, माझ्यामुळे जास्त. दवाखान्याचा उल्लेख करायचा मला अधिकार नव्हता. थट्टेच्या भरात लिहून गेले, आणि तुझ्या घरात भूत सोडलं. माझ्या वरिष्ठांना कळलं तर नोकरी जाईल, आणि ते बरोबरच होईल.

बाटली सापडणार नाही. सापडली असती तरी शोधली नसती. दुसऱ्या कुणाच्या बापानं मला असंच लिहिलं आणि त्याच्या मनात तुझी लेक पक्की बसली असती, तर?

तुला करायचंय ते अगदी साधं आहे. लेकीला समोर बसव आणि म्हण, "सिस्टरकडे ती तपासणी करून घे." सात शब्दसुद्धा नाहीत. तू कथाकीर्तनाच्या थाटात भाषणं ठोकणारा माणूस, तुला एवढं जमेल.

आणि बेकरीवाल्याच्या सुनेबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढू नकोस. वहिनीजवळही नाही. शपथ घाल स्वतःला.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरी,

जमलं नाही. रोज ठरवतो आणि रोज जीभ रेटत नाही. तू म्हणतेस साधं वाक्य. बापानं लेकीला ते म्हणायचं म्हणजे तिच्या नवऱ्यावर आरोप, आणि तिच्या संसारात आपण डोकावतोय याची कबुली. जन्मभर शब्दांत राहिलो, आणि आता या तीन-चार अक्षरांपाशी येऊन अडलोय. काल तर धीर करून तिच्या खोलीत गेलो, घसा साफ केला, आणि म्हणालो, "पंखा फार आवाज करतो का गं?" ती म्हणाली, "बाबा, पंखा बंद आहे."

गावात सध्या कसली तरी कुजबुज आहे. कुठून उठली देव जाणे. समोरच्या बेकरीत दुपार झाली तरी पाव शिल्लक दिसतात. लोक विचित्र असतात.

पुढच्या आठवड्यात नक्की बोलतो.

दादा

९ एप्रिल

प्रिय आत्या,

तुला माझी बातमी बाबांनी कळवली असेल असं वाटतं, कारण ते पत्र टाकून आले त्या दिवशी दोन वेळा जेवायचं विसरले. तर हो, जूनमध्ये. मी छान आहे. पाय सुजतात आणि भूक राक्षसासारखी लागते.

बाबांचं काहीतरी बिनसलंय. दाराशी येतात, खाकरतात, "तुला एक विचारायचं होतं" म्हणतात, आणि शेवटी विचारतात, "दूध घेतलंस का?" आत्या, मी इतकं दूध प्यायलेय की बाळ रांगत नाही, पोहत येईल.

पहिल्यांदा कळेना. मग एकदा दवाखान्यात ते बाकावरच्या बायकांकडे कसे बघतात ते पाहिलं, आणि भिंतीवरच्या एड्सच्या पोस्टरपाशी आले की मान कशी वळवतात तेही. तेव्हा उलगडलं. ते ज्याला भितात ती तपासणी मी जानेवारीतच करून घेतली. सिस्टर सगळ्यांना विचारतात, मी हो म्हटलं. ह्यांना फोनवर सांगितलं तर हे म्हणाले, "मीही करून येतो, बरोबरच करू." दोघांचंही साफ आहे. बाबांना सांगितलं नाही, कारण ते विचारतील, अशी तपासणी करायची वेळ का आली? म्हणून मी लाजले. ते लाजतात म्हणून विचारत नाहीत. घरात दोघंही शहाणे.

आज सांगून टाकणार आहे. पण पत्र त्यासाठी नाही.

बेकरीवाल्याची सून माझी मैत्रीण. बाकावर आम्ही शेजारी बसायचो, ती मला पावाची कडेची खरपूस कापं आणून द्यायची. गेले तीन आठवडे ती आली नाही. गावात उठलंय की तिला 'तो' आजार आहे. बेकरीतून कुणी पाव नेत नाही. सासू म्हणाली, "माहेरी जाऊन बस काही दिवस," आणि ती गेली, आठव्या महिन्यात, एकटी. तिनं तपासणी केली होती का, काय निघालं, मला माहीत नाही. माहीत असतं तरी तुला लिहिलं नसतं.

उठलं कुठून ते किराणावाल्याच्या बायकोनं सांगितलं. वाचनालयात विषय निघाला होता की तो आजार आता आपल्याही गावात आलाय. जेलरकाकांनी विचारलं, "कुणाकडे?" जेलरकाका सगळीकडे सांगत फिरतात, "ग्रंथपालांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही हो. फक्त खिडकीबाहेर बघितलं. एवढा शिकलेला माणूस, उगाच बघेल का?"

खिडकीबाहेर बेकरी आहे, आत्या.

आता सिस्टर सांगतात, दवाखान्यात कुणी त्या तपासणीला हात पुढे करत नाही. साध्या रक्तालासुद्धा नाही. म्हणतात, बाटली इथून जाते आणि नाव गावात येतं.

बाबांना तूच विचार. मी विचारलं तर ते मला दूध देतील.

तुझी भाची

१९ एप्रिल

भिंगरी,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. 'तू खिडकीबाहेर पाहिलंस का?' हो. पाहिलं.

मार्चमधलीच गोष्ट. विषय मीच काढला होता. इतके दिवस पोटात ठेवून फुगलो होतो, म्हणून नुसतं म्हणालो की हा आजार आता कुठेही असू शकतो, आपल्या गावातही आहे म्हणतात. जेलरांनी विचारलं, कुणाकडे. मी बोललो नाही. न बोलल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली. पण मान वळली आणि त्यांनी माझ्या नजरेमागे नजर टाकली, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी ती परत वळवू शकलो असतो. 'छे छे' म्हणू शकलो असतो. मी पुस्तकांना नंबर घालत बसलो. पुढे तू शपथ घाल म्हणालीस तेव्हा ती घालायला काही उरलंच नव्हतं, आणि तुला मात्र 'कुजबुज कुठून उठली देव जाणे' असं मी बिनदिक्कत लिहिलं.

लेकीनं दहा दिवसांमागे सांगितलं, दोघांचं साफ आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतकं हलकं वाटलं की जिन्यावरून खाली आलो ते कळलं नाही. आणि शेवटच्या पायरीवर मनात आलं, चला, म्हणजे दुसरीच कुणीतरी. हे 'चला' मला अजून गिळवत नाही. लेकीच्याच नवऱ्याचा फोटो मी खिडकीशी नेऊन पाहिला होता हे तिला सांगायचं धाडसही झालेलं नाही.

निस्तरायचा प्रयत्न केला, तोही ऐक. टेबलाशी सर्वांसमोर म्हणालो, "बेकरीवाल्यांबद्दल मला काहीही माहीत नाही. मी नुसता बाहेर बघत होतो, ती माझी चूक." जेलरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "समजलं. तुम्ही भले माणूस, दुसऱ्याचं झाकताय." दुसऱ्या दिवसापासून पाव आणून टेबलाशी बसून सगळ्यांदेखत खायला लागलो. तर म्हणे, साहेबांचं मन केवढं मोठं. मी जितका खातो तितकी त्यांची खात्री वाढते.

बेकरीत गेलो तेव्हा सगळं सांगून पाय धरायचे असंच ठरवून गेलो होतो. बेकरीवाल्यानं पाव कागदात बांधला, दोरा गुंडाळला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी येता." मला म्हणता आलं ते इतकंच, "उद्यापासून दोन ठेवा." बाहेर आलो तेव्हा पाव इतका गरम होता की या हातातून त्या हातात घेत रस्ता ओलांडला, आणि मला बरं वाटलं, की हाताला काहीतरी भाजतंय.

काल लेक मला न विचारता बेकरीवाल्याच्या सुनेच्या माहेरी जाऊन आली. मी म्हटलं, या दिवसांत एवढा प्रवास? ती म्हणाली, "तुम्ही जायचं होतं, बाबा, पण तुम्हाला कोण आत घेणार?" काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एवढं तरी शिकलो असेन.

आज सिस्टरना गाठून सगळं सांगितलं, तुझं नाव वगळून. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं. रागावतील असं वाटलं होतं, तशा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लोकांना हे पटवायला मला तीन वर्षं लागली होती." आणि पुढच्या बाईला हाक मारली. ती आत आली, वजन करून घेतलं, आणि सिस्टरनी सुई हातात घेताच पदर दंडावर ओढून उठून गेली.

मी तुला इतकी पत्रं लिहिली, त्यांत दर वेळी काहीतरी लपवलं, आणि लपवलेलं झाकायला विनोद केले. आता एक सरळ लिहितो. मला लेकीची काळजी उरलेली नाही, जावयांची नाही, माझ्या अब्रूची तर नाहीच. आमच्या गावात कुठेतरी एक बाई आहे, तिचे दिवस भरत आलेत, आणि तिला काहीच माहीत नाही. ती कोण हे आता मला जाणून घ्यायचं नाही. बाळासाठी औषध आहे असं तू लिहिलंस. ते तिच्यापासून चार गल्ल्यांवर, दवाखान्याच्या कपाटात आहे. तिनं फक्त हात पुढे करायला हवा, आणि माझ्यामुळे ती तो करणार नाही. मला तिची काळजी वाटते, भिंगरी. मला फार काळजी वाटते.

दादा